घटस्फोटाचा अर्ज केलाय, पण राहतात एकाच घरात: कथा एकतर्फी होतेय, काय करावं?

निळी_शाई

कथेचा पहिला खर्डा तयार आहे, ३८०० शब्दांचा. दिवाळी अंकाची मर्यादा ३५०० आहे. वाचणाऱ्यांचं म्हणणं एकच: "नवरा फारच वाईट दाखवलाय, बाकी बरी आहे." थोडक्यात गोष्ट अशी.

पुणे, धायरी. नंदिनी ३८ वर्षांची, एका सीएच्या ऑफिसात. श्रीकांत ४१, एका कारखान्यात स्टोअर्सला. लग्नाला ११ वर्षं, मूल नाही. ५ वर्षांपूर्वी घेतलेला वन बीएचके दोघांच्या नावावर, कर्ज ३५ लाख, हप्ता १८,०००. परस्पर संमतीनं घटस्फोटाचा अर्ज केला आहे, पण फ्लॅट विकला जात नाही आणि दोन घरांचं भाडं कुणालाच झेपत नाही. त्यामुळे तो हॉलमध्ये झोपतो, ती बेडरूममध्ये.

रचना: कोर्टाच्या पहिल्या तारखेला सुरुवात, मग सात फ्लॅशबॅक (पाहण्याचा कार्यक्रम, लग्न, सासूचे टोमणे, त्याचं उशिरा घरी येणं, तिची बढती त्याला न रुचणं, एकदा त्यानं मारलेली थप्पड, वेगळं झोपायला लागणं), मग सहा महिन्यांनी दुसरी तारीख. शेवटी ती कोर्टाबाहेर पावसात उभी राहून मोकळा श्वास घेते.

प्रश्न तीन. श्रीकांत खलनायक होऊ नये यासाठी काय करता येईल? कोर्टाचा प्रसंग बरोबर आहे का? त्यात श्रीकांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे, वकील नंदिनीची उलटतपासणी घेतात, लोक बघायला बसलेत, न्यायाधीश हातोडा आपटतात. आणि संवाद पुस्तकी वाटतात असंही म्हणणं आहे. नमुना:

"तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस, श्रीकांत. या घरात मला नेहमी एकटंच वाटत राहिलं."
"आणि माझं काय? मी रात्रंदिवस कष्ट केले ते कोणासाठी?"

स्पष्ट सांगा, राग नाही.

अनवट

तुमच्याच सारांशात मोजा. श्रीकांत उशिरा येतो, बढतीवर जळतो, मारतो. नंदिनी काय करते? सहन करते, आठवते, श्वास घेते. तिची एकही कृती नाही. जिला काहीच करायचं नसतं ती आपोआप सोशिक ठरते, आणि समोरचा आपोआप दुष्ट. श्रीकांतला चार चांगले गुण चिकटवून हे सुटणार नाही. "तसा तो मनानं वाईट नव्हता" हे वाक्य तर चुकूनही घालू नका. ते लेखिकेनं काढून दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र असतं, वाचक फाडून टाकतो.

त्यापेक्षा दोघांना चालू काळात एकेक हवंसं द्या, आणि दोन्ही एकाच वेळी मिळणार नाहीत असं करा. सामान तुमच्याकडे तयार आहे: फ्लॅट. समजा ५२ लाखांचं गिऱ्हाईक आलंय. श्रीकांतला घाई आहे, त्याला लवकर मोकळं व्हायचंय. नंदिनी म्हणते, ५५ च्या खाली नाही. का? कारण डाउन पेमेंटसाठी तिच्या पाटल्या मोडल्या होत्या आणि सोन्याचा भाव तेव्हापासून कुठे गेलाय हे तिला रोज दिसतं. आता ती अडवणारी आहे आणि तो तडजोड करायला तयार. थप्पड मारलेला माणूस आज समंजस बोलतोय आणि जिला लागलं ती आज हटून बसलीय. वाचकाला इथे बाजू घेणं जड जाईल, आणि तेच हवंय.

फ्लॅशबॅकबद्दल. सातपैकी पाच काढा. अशा कथेत "हे सगळं का बिघडलं" याचं उत्तर शोधत लेखक मागे मागे जातो आणि पाहण्याच्या कांदेपोह्यांपर्यंत पोचतो. तिथे काही सापडत नाही. बिघडलेल्या लग्नाच्या कथेत कारणांपेक्षा मजेशीर असतं ते अजून न सुटलेलं: हप्ता, गॅस, मेडिक्लेम, दोघांच्या नावावरचं लॉकर, आजारी सासऱ्यांचा दर महिन्याचा फोन, ज्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्या कथेतलं सगळ्यात जिवंत वाक्य "तो हॉलमध्ये झोपतो" हे आहे. तिथून सुरू करा. अर्ज होऊन गेलेला, निकाल व्हायचा, मधल्या सहा महिन्यांतला एक आठवडा. बस.

जे दोन फ्लॅशबॅक राहतील ते प्रत्येकी १२० शब्दांच्या आत, आणि हातातल्या वस्तूवरून निघालेले. एक तांत्रिक गोष्ट: मागचं सांगताना "गेली होती, म्हणाली होती, रडली होती" अशी होती-होतीची माळ लागते आणि कथा बसून जाते. पहिल्या वाक्यात एकदा "होती" वापरा, वाचक मागे गेला की पुढे साधा भूतकाळ: गेली, म्हणाली, रडली. परत येताना चालू प्रसंगातला एखादा आवाज किंवा कृती ठेवा. तीन टिंबं किंवा फुलाफुलांची रेघ लागत नाही.

३५०० शब्दांत प्रसंग चारच घ्या, पण सारखे कापू नका. मुख्य प्रसंगाला १४०० शब्द द्या, एखादा २५० मध्ये उरका. सगळे प्रसंग ८००-९०० चे झाले की मालिकेचे भाग वाटतात.

दिवाणी_किरकोळ

कोर्टाचा प्रसंग पूर्ण बदलावा लागेल. तुम्ही सिनेमातलं फौजदारी कोर्ट लिहिलंय.

परस्पर संमतीचा अर्ज हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब खाली होतो. हे कलम १९७६ च्या दुरुस्तीनं आलं, म्हणजे कथा त्याआधी घडत असती तर हा मार्गच नसता. (रजिस्टर पद्धतीनं, विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर तिथलं कलम २८ लागेल. कथेत लग्नाचे विधी दाखवलेत म्हणजे पहिलाच.) अर्ज दोघांनी मिळून केलेला असतो. कागदावर एक "अर्जदार क्रमांक १", दुसरा "अर्जदार क्रमांक २". वादी-प्रतिवादी नाही, आरोपी तर नाहीच, त्यामुळे पिंजरा नाही आणि उलटतपासणीही नाही. हातोडा आपल्याकडच्या कोर्टात आपटत नाहीत.

प्रकरण पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, शिवाजीनगरला जाईल. कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. त्यात दोन गोष्टी कथेच्या कामाच्या आहेत. दोघांपैकी कुणीही एकानं मागणी केली तरी सुनावणी बंद दाराआड होते. आणि वकील हा पक्षकाराचा हक्क नसतो, कोर्टाच्या परवानगीनं येतो. प्रत्यक्षात परवानगी मिळते, पण न्यायाधीश थेट नवरा-बायकोशी बोलतात. त्याआधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. दोघांना एकत्र बसवून, मग वेगवेगळं बोलून, समेटाची शक्यता बघितली जाते. तुमच्या खर्ड्यात हा माणूस नाहीच, आणि खरा प्रसंग त्याच्याच टेबलासमोर आहे: जे घरी दोन महिने बोलले नाहीत त्यांना तिसऱ्यासमोर बोलायला लागतं.

निकालाच्या दिवशी काय विचारतात? संमती स्वखुशीनं आहे ना, दबाव नाही ना, अटी वाचल्यात ना, सही तुमचीच ना. काही मिनिटांत संपतं. ११ वर्षांच्या लग्नाला लागणारा हा वेळच एवढा कमी असतो की त्यावर वेगळी भावुक वाक्यं लिहायला नकोत.

आता कळीचे मुद्दे, कारण यावर जाणकार वाचक नक्की अडणार.

पहिला. अर्ज करण्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहत असणं लागतं. तुमची माणसं एकाच घरात आहेत, मग अर्ज कसा? चालतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलंय की वेगळं राहणं म्हणजे नवरा-बायको म्हणून न राहणं. छप्पर एक असलं तरी चालतं. म्हणजे हॉल आणि बेडरूम ही तुमची कायदेशीर अट आहे, नुसतं वातावरण नाही. अर्जाच्या तारखेआधी वर्षभर तो हॉलमध्ये असायला हवा. तुमच्या खर्ड्यात "वेगळं झोपायला लागणं" नक्की कधी येतं ते तपासा.

दुसरा. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची असते. २०१७ पासून कोर्ट हे सहा महिने माफ करू शकतं. त्यामुळे आजच्या काळातली कथा असेल तर वाचक विचारेल, हे थांबलेत कशाला? उत्तर तुमच्याकडेच आहे. मुदत माफ करून घ्यायची तर पोटगी, मुलं वगैरे सगळ्या बाबी खरोखर मिटलेल्या असाव्या लागतात. यांचा फ्लॅट मिटलेला नाही. म्हणजे ५२ की ५५ हा वाद थेट लग्नाची मुदत वाढवतोय. नंदिनीला हे माहीत आहे का, यावर अख्खी कथा फिरू शकते.

तिसरा, आणि मला वाटतं सगळ्यात कामाचा. निकाल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही आपली संमती मागे घेऊ शकतो. हेही त्याच १९९१ च्या निकालात आहे. म्हणजे मधल्या सहा महिन्यांत प्रत्येकाच्या हातात एक "नाही" असतं, आणि दुसऱ्याला ते ठाऊक असतं. उगाच चांगलं वागणं, उगाच घाबरणं, चहा विचारावा की नाही, सगळं त्यातून येतं.

संवादात कुणी धमकी देणार असेल तर: ४९८-अ हे नवऱ्याकडून, सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचं कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ झालं. पण तोंडात अजून "चारशे अठ्ठ्याण्णव"च आहे. वकिलाच्या तोंडी ८५ घाला, मावशीच्या तोंडी ४९८.

हिशेबनीस

फक्त आकड्यांचं सांगतो, कारण नंदिनी सीएच्या ऑफिसात आहे आणि तिच्या कथेत हप्ता चुकलेला शोभत नाही.

३५ लाख, २० वर्षं, ८.५ टक्के धरले तर हप्ता साधारण ३०,४०० येतो. १८,००० कुठल्याच हिशेबानं बसत नाही. तेवढाच ठेवायचा असेल तर कर्ज २१ लाखांच्या आत आणा.

३५ लाखच ठेवा असं सुचवेन, कारण पुढचं गणित कथेला फार उपयोगी आहे. ५ वर्षांत ६० हप्ते म्हणजे सव्वाअठरा लाख भरून झालेले असतात. मुद्दल कमी झालेलं असतं फक्त ४ लाख १५ हजारांच्या आसपास. बाकी १४ लाख व्याज. अजून साधारण ३०.८५ लाख देणं. ५२ लाखांना विकलं तर बँकेचं फेडून २१ लाखांच्या वर उरतात, त्यातून दलाली, मग वाटणी. ५५ आले तर वाटणीला प्रत्येकी दीड लाख जास्त. दीड लाखासाठी नंदिनी अडून बसलीय हे तिनं स्वतः एक्सेलमध्ये मांडलेलं असणार, आणि अडण्याचं खरं कारण पैसा नाही हेही त्या शीटवरच तिला कळेल.

अजून एक. घटस्फोट झाला म्हणून बँकेचं देणं तुटत नाही. दोघं सहकर्जदार असतील तर एकानं हप्ता थकवला की बँक दुसऱ्याला फोन करते, निकालाची प्रत दाखवून उपयोग नाही. "त्यापेक्षा फ्लॅट त्याच्या नावावर करून ती मोकळी झाली" असा शेवट कुणी सुचवला तर लक्षात ठेवा: नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल आणि कर्जातून तिचं नाव काढायला बँकेची वेगळी मंजुरी लागेल. त्याच्या एकट्याच्या पगारावर ३०,४०० चा हप्ता बसतो का, हे बँक आधी बघणार.

खमंग_काकडी

संवादांबद्दल. तुमचा नमुना पुस्तकी वाटतो तो शब्दांमुळे नाही. दोघंही आपली तक्रार पूर्ण वाक्यात, सारांश काढून सांगताहेत म्हणून. ११ वर्षं एकत्र काढलेली माणसं सारांश काढत नाहीत. ती पंख्यावरून, दुधाच्या बिलावरून, ओल्या टॉवेलवरून बोलतात आणि दोघांनाही कळत असतं की विषय टॉवेल नाही. दुसरं म्हणजे, भांडणात कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. एक तर प्रतिप्रश्न येतो, नाही तर एकदम जुनं प्रकरण.

म्हणून आधी बोलणं भाग पाडणारं काहीतरी हवं, जिथे गप्प राहता येणार नाही. गॅस सिलेंडर घ्या. कनेक्शन श्रीकांतच्या नावावर, मोबाइल नंबर त्याचा. माणूस १४.२ किलोचा सिलेंडर घेऊन दारात, ओटीपी गेलाय श्रीकांतच्या फोनवर, श्रीकांत कारखान्यात. गेले दोन महिने दोघं फक्त व्हॉट्सअॅपवर आणि तेही कामापुरते. ओटीपी मात्र आत्ता हवा. नंदिनीला फोन लावावाच लागतो.

"ओटीपी आलाय का?"
"कशाचा?"
"सिलेंडर आलाय. माणूस दारात उभाय."
"हां, मंगळवारी बुक केला होता."
"सांगायचं ना मग. माझ्याकडे सुट्टे नाहीयेत."
"पैसे भरलेत मी."
"सगळे?"
"सगळे म्हणजे? सिलेंडरचे अर्धे कसे भरणार?"
"अर्धे टाकते तुला."
"राहू दे गं."
"राहू दे नको. टाकते. ओटीपी सांग."

यात "समजून घेतलं नाहीस" कुठेच नाही. त्यानं न सांगता बुक केला. त्याला वाटतं आपण काळजी घेतली, तिला वाटतं अजूनही हाच ठरवतो. दोघंही आपल्या जागी बरोबर. आणि दारातला माणूस हे सगळं ऐकतोय, त्यामुळे आवाज चढवता येत नाही. भांडणाच्या प्रसंगात असा एखादा तिसरा माणूस ठेवला की संवाद आपोआप आवळले जातात: सिलेंडरवाला, फ्लॅट बघायला आलेलं जोडपं, सोसायटीचा वॉचमन.

फ्लॅट बघायला आलेल्या जोडप्याचा प्रसंग तर नक्की घ्या. ते विचारणार, "का विकताय?" आणि या दोघांना एकमेकांकडे न बघता एकच उत्तर द्यावं लागेल. नवीन जोडपं असेल तर "बेडरूममध्ये डबल बेड बसतो ना?" हे विचारणारच. पुढे काही लिहू नका, नंदिनीला फक्त बेडची मापं सांगू द्या. सहा बाय साडेसहा.

एक सवय लावून घ्या. संवाद लिहून झाला की प्रत्येकाची पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं खोडून बघा. बहुतेक वेळा खोडलेलंच राहतं.

वितळतं_मेण

वरच्या सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सगळ्यांनी ओलांडून पुढे टाकली. थप्पड.

"वाचकाला बाजू घेणं जड जाईल" हे ऐकायला छान आहे. पण सात फ्लॅशबॅकमध्ये सहाव्या नंबरला एक थप्पड ठेवायची, मग श्रीकांतला समंजस करायचं, नंदिनीला हटवादी, आणि तराजू समतोल झाला म्हणायचं, हे मला पटत नाही. मारणं हे ओल्या टॉवेलच्या यादीत बसत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा आहे, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. नंदिनीच्या वयाची, तिच्या शिक्षणाची बाई हे सगळं जाणून आहे. तिनं तक्रार का केली नाही, कुणाला सांगितलं, त्यानंतर त्या घरात ती कशी वागली, यातलं काहीच नसेल तर थप्पड फक्त श्रीकांतला काळं करायला आणलीय. मग ती काढाच.

ठेवायची असेल तर तिला कथेच्या मध्यभागी ठेवावं लागेल. आणि त्यासाठी अर्जच मदत करतो. संमतीच्या अर्जात कारण सिद्ध करावं लागत नाही. वर्षभर वेगळे राहतो, एकत्र राहणं जमलं नाही, दोघांची संमती आहे, एवढं पुरतं. मसुद्यात सहसा "स्वभावातील मतभेदांमुळे" अशी गुळगुळीत ओळ असते आणि एकमेकांवर आरोप नाहीत असंही लिहितात. म्हणजे ती थप्पड कुठल्याच कागदावर येणार नाही. सही करताना नंदिनीनं ती ओळ वाचलेली आहे. श्रीकांतनंही. ५२ नको, ५५ पाहिजेत, यामागे पाटल्या नसून ही ओळ असेल तर तिचा हट्ट हट्ट राहत नाही. तीन लाख ही तिनं लावलेली किंमत होते, आणि ती मोठ्यानं म्हणता येत नाही. तिला विचाराल तर ती सोन्याचा भावच सांगेल.

अनवट

हे माझ्या सल्ल्यापेक्षा चांगलं आहे. पाटल्या वर दिसणारं कारण म्हणून राहू द्या, खालचं हे. फक्त निवेदकानं ते जोडून दाखवू नये. "तिला ती ओळ आठवली" असं लिहिलंत की संपलं. मसुद्याची ओळ एका ठिकाणी, थप्पड दुसऱ्या ठिकाणी, मध्ये किमान हजार शब्द.

थप्पड कशी लिहायची तेही सांगतो. "त्याचा हात उठला" वगैरे नको, "तिच्या डोळ्यांसमोर अंधारी आली" नको. आधीची दोन मिनिटं आणि नंतरचे दहा तास लिहा. नंतर त्यानं कुकर लावला का? तिनं दुसऱ्या दिवशी ऑफिसात काय सांगितलं? रात्री पाहुणे येणार होते का? मार अर्ध्या ओळीत उरका.

निळी_शाई

बरंच हाती लागलं. थप्पड ठेवते. अजून दोन शंका. निवेदन नंदिनीच्या बाजूनं तृतीयपुरुषी आहे, ते श्रीकांतकडे नेलं तर? आणि पावसाचा शेवट काढला तर त्या जागी काय?

वितळतं_मेण

श्रीकांतकडे न्यायचं असेल तर पूर्ण न्या, अर्धं-अर्धं नको. ३५०० शब्दांत दोन मनांत शिरलं की दोन्ही उथळ होतात. श्रीकांतच्या बाजूनं लिहिण्याचा फायदा असा की ती ५५ वर का अडलीय हे त्याला कळत नाही, आणि वाचकाला त्याच्याआधी कळतं. धोका असा की थप्पड त्याच्या आठवणीतून येईल तेव्हा तो ती लहान करून सांगेल. "एकदा हात लागला" असं. ते तसंच येऊ द्या, निवेदकानं दुरुस्त करू नये. वाचक करतो.

पक्कं ठरवण्याआधी सिलेंडरचा प्रसंग ३०० शब्दांत श्रीकांतकडून लिहून बघा: कारखान्याच्या आवाजात फोन, हातात चलनं, समोर ट्रकवाला थांबलाय. त्यात काही नवीन सापडलं तर बदला, नाही तर नंदिनीच बरी.

दिवाणी_किरकोळ

शेवटासाठी कोर्ट सोडून द्या. फ्लॅट विकला जाईल तेव्हा दोघांना दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात एकत्र जावं लागेल. खरेदीखतात दोघंही "लिहून देणार", समोरचे "लिहून घेणार". टोकन नंबर, वाट बघणं, मग कॅमेऱ्यासमोर एकेकाचा फोटो आणि अंगठा. साक्षीदार किंवा ओळख पटवणारे लागतात, तेही यांच्याच मित्रांपैकी कुणीतरी, ज्याला काही सांगितलेलं नाही. मूळ कागद बँकेत असतात, ते कर्ज फिटल्यावर सुटतात, त्यामुळे खरेदीदाराच्या बँकेचा माणूसही चेक घेऊन तिथेच. एवढ्या गर्दीत यांना दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मिळतात की नाही हे तुम्ही ठरवा.

खरेदीखत दुसऱ्या तारखेच्या आधी ठेवलंत तर अजून संमती मागे घेता येते, म्हणजे दार उघडं राहतं. नंतर ठेवलंत तर कायद्यानं परके झालेले दोघं एका कागदावर सह्या करताहेत. कथा पूर्ण वेगळी होते. मी आधी ठेवेन.

खमंग_काकडी

आधीच. आणि सौदा ५३ लाख ७५ हजारांना होऊ द्या. ना त्याचा, ना तिचा. शेवटचं वाक्य कुणाच्या मनातलं नको, कुणीतरी काहीतरी विचारलेलं असावं. "पॅन कार्डाची झेरॉक्स आणलीय का?" इतकं साधंही चालेल, फक्त ते कुणी कुणाला विचारतंय ते नीट निवडा.

अनवट

पाठवण्याबद्दल, कुणी विचारलं नसलं तरी. बरेच दिवाळी अंक जून-जुलैपर्यंत साहित्य मागवतात, गणपतीपर्यंत थांबू नका. मजकूर युनिकोडमध्ये पाठवा, वर्ड फाइल आणि पीडीएफ दोन्ही. छपाईसाठी तो श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बदलला की "ऱ्या" आणि "र्‍ह" फुटतात, आणि तुमच्या कथेत "दुसऱ्या", "खऱ्या", "साऱ्या" भरपूर असणार. मुद्रितशोधनाची प्रत मागून घ्या आणि आधी तेवढे शब्द तपासा. शब्दसंख्या ३५०० म्हणजे ३५००, ३६५० पाठवलंत तर संपादक कापतील, आणि पहिला कापतील तो सिलेंडर.